ऑर्किडला मंगळवेढ्याची माती

मालतीबाई लेकीच्या बाळंतपणासाठी कुर्डुवाडीला निघाल्या, तेव्हा चिंतामणरावांनी जाहीर केलं, "तुझं ऑर्किड मी सांभाळतो."

मालतीबाईंनी बॅग भरता भरता नवऱ्याकडे नीट पाहिलं. या माणसावर त्या गॅसवरचं दूधसुद्धा सोपवत नसत. (एकदा सोपवलं होतं, तेव्हापासून.)

"बरं," त्या म्हणाल्या आणि हॉलच्या खिडकीत टांगलेली लाकडी टोपली त्यांनी दाखवली. "रोज सकाळी मुळं बादलीत बुडवा, निथळली की परत टांगा. बाकी काही करू नका."

शेवटचं वाक्य चिंतामणरावांना जरा लागलं. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. या घरात आपणही उपयोगाचे आहोत, हे बायकोच्या तोंडून एकदा ऐकायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्याच आठवड्यात मंगळवेढ्याचा मायाप्पा, त्यांचा ऑफिसातला जुना मित्र, चहाला आला. टोपली पाहून त्याने कप खाली ठेवला.

"आवो, ह्येच्या मुळ्या उघड्यावर पडल्यात की! माती कुटं हाय?"

"याला माती नसते म्हणे."

"कोन म्हनतं? नर्सरीवाल्यानं फशिवलं वैनीला. आमच्या रानातली काळी माती घाला. बिनपान्याचा जोंधळा येतोय तितं, ह्ये तर एवढुसं झाड!"

चिंतामणरावांना ते पटलं. थंडीतल्या दवावर ज्वारी पिकवणारी माती सोलापूरच्या उन्हात ऑर्किडला तारणार नाही, तर कुणाला तारणार? पुढच्या खेपेला मायाप्पा पिशवी घेऊन आला. टोपलीच्या फटींतून माती सांडू नये म्हणून दोघांनी आत जुन्या चादरीचा तुकडा घातला, माती दाबून भरली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. काळं पाणी खालच्या सोफ्यावर ठिबकत राहिलं. ("मुरतंय," मायाप्पा म्हणाला.)

नंतर एकदा मालतीबाईंचा फोन आला.

"मुळं कशी दिसतात?"

"काळी."

"काळी?"

"म्हणजे... काळीसावळी."

"अहो, काळी पडली म्हणजे कुजली! पांढुरकी दिसली की तहानलेली, हिरवी झाली की प्यायलेली. त्यांना हवा लागली पाहिजे हो."

चिंतामणरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी टोपली मोरीत नेली. माती सिमेंटसारखी बसली होती आणि नळाला पाणी यायचं होतं परवा. त्यांनी आपली आंघोळीची बादली ऑर्किडवर खर्च केली, स्वतः पारोसे राहिले आणि एकेक मूळ स्वतःच्या टूथब्रशने घासलं. कुजलेली मुळं कापताना त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

त्यानंतर मात्र ते रोज सकाळी बादलीशेजारी स्टूल घेऊन बसू लागले. पांढुरकी मुळं पाण्यात हळूहळू हिरवी होत, ते पाहत राहायचे. तहान तोंडाने न सांगणाऱ्या जिवाची तहान ओळखायला किती लक्ष लागतं, हे त्यांना आता कळत होतं. आपण ऑफिसातून आलो की मालती न विचारता चहा ठेवायची. ती काय पाहून ठेवायची, हे आपण कधी विचारलंच नाही. तिच्याशिवाय घर फार मोठं झालं होतं. फोनवर हे सांगावंसं वाटे, पण ते दुधाचा हिशेब सांगून फोन ठेवत.

बारसं उरकून मालतीबाई परतल्या. चिंतामणरावांनी त्यांना चपला काढायच्या आतच खिडकीशी नेलं. टोपलीतून नव्या मुळाचं हिरवं टोक बाहेर आलं होतं.

"अगंबाई, जगलं?" मालतीबाई थक्क झाल्या.

"जगलं म्हणजे?"

"अहो, हे जाणारच होतं. म्हणून तर तुमच्याकडं दिलं."

तेवढ्यात शेजारच्या निंगव्वा जांभळ्या फुलांनी लवलेली टोपली घेऊन आल्या. "अय्यो वैनी, आलाव व्हय? घ्या तुमची टोपली. लई फुलली बघा!"

(घरात दोन टोपल्या होत्या, हे चिंतामणरावांना आत्ता समजलं.)

मालतीबाईंनी ते नवं मूळ बोटाने हलकेच चाचपलं. मग नवऱ्याकडे बघून त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "छान सांभाळलंत हो. मला खरंच वाटलं नव्हतं."

चिंतामणरावांची छाती फुगली. "मग पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी," मालतीबाई म्हणाल्या, "हेही निंगव्वाकडंच ठेवते. आता जगलंय ना!"