लाल शेपटांचं घराणं

वर्षभरासाठी सासूबाईंना घेऊन थोरलीकडे राहायला जाताना सासरेबुवांनी घराची किल्ली धाकट्या मुलीला दिली आणि मासे जावयाला. किल्ली देताना ते काहीच बोलले नाहीत. मासे देताना मात्र रिक्षावाल्याने तीनदा हॉर्न वाजवला.

"हे नुसते गप्पी मासे नाहीत, जावईबापू. घराणं आहे! लालभडक रंग, सरळ शेपूट. बाहेरचं रक्त शिरू दिलं नाही मी. आल्यावर स्पर्धेत उतरवायचेत."

जावई प्लंबर होता. लग्नात सासऱ्यांनी त्याची ओळख सगळ्यांना 'पाण्याच्या क्षेत्रात आहेत' अशी करून दिली होती. आता त्यांनी स्वतःचं पाणीच त्याच्या हवाली केल्यावर त्याची छाती दोन इंच फुगली.

त्याच भरात तो माशांची टाकी साफ करायला बसला. मगाने पाणी उपसणं हा त्याला धंद्याचा अपमान वाटला. त्याने जाडजूड पाइप लावला आणि दुसरं टोक मोरीत सोडलं. काम इतकं चोख झालं, की पाण्याबरोबर घराणंही गेलं. दगडामागे आळसात पडलेल्या दोन माद्या आणि एक वाकड्या शेपटाचा नर तेवढे उरले.

काही महिन्यांत टाकी पुन्हा भरली. बहुतेक शेपटं वाकडी.

"असं कसं झालं?" त्याने बायकोला विचारलं. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची.

"कोण वाचलं हा निव्वळ नशिबाचा खेळ. थोडेच उरले, की एकाची खोड सगळ्या खानदानाची होते. याला जनुकीय विचलन म्हणतात."

"आणि बाबा याला काय म्हणतील?"

"याला काही नाही म्हणणार. तुला म्हणतील."

तो तडक दुकानात गेला. सरळ शेपटाचे नर होते, पण निळे.

"शेपूट सरळ हवंय ना? मग रंगाचं काय घेऊन बसलात!" दुकानदार म्हणाला.

पुढच्या पिढ्यांत निळे आले, लाल आले, आणि निळे असून वाकडे तर भरपूरच आले.

"बाहेरून आलेल्याने आपले गुण मिसळले," बायको शांतपणे म्हणाली. "हा जनुकांचा प्रवाह. तूही बाहेरूनच आलास की या घरात!"

"म्हणूनच तर बाहेर जायची पाळी येणारे!"

सासरेबुवा परतले आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता टाकीसमोर उभे राहिले. जावयाच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात मागून सासूबाई ओरडल्या, "अगंबाई! हे तर माझ्या बाबांचे मासे!"

"म्हणजे?" लेकीने विचारलं.

"लग्नात बाबांनी ह्यांना निळ्या माशांची टाकी दिली होती, लाल असतील त्यात दोन-चार. ह्यांनी आठवड्याभरात ती पाडली! वाचले ते नेमके दोन लाल. तेव्हापासून म्हणे घराणं!"

सासरेबुवांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

"मूळ रंग परत आला म्हणायचा," अखेर ते म्हणाले, आणि टाकी घेऊन स्पर्धेला गेले.

"शेपूट वाकडं आहे," परीक्षक म्हणाले.

"वळणदार आहे."

"हा प्रकार कधी पाहिला नव्हता. कुणी तयार केला?"

सासरेबुवांनी दाराआड लपलेल्या जावयाला दंडाला धरून पुढे ओढलं आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"आमचे जावई. प्लंबर आहेत!"