माळ्यावरची तीन पिल्लं

वरच्या खोलीच्या माळ्यावर उदमांजर शिरलं याचा घरात एकाच माणसाला आनंद झाला होता, आणि त्याने तो चेहऱ्यावर दिसू दिला नव्हता. हा माणूस मुद्रितशोधक. तळमजल्यावरच्या खोलीत बसून तो एका जाडजूड शब्दकोशाची प्रुफं तपासत होता, आणि महिनाअखेरीला ती प्रेसकडे जायची होती. नेमकी येत्या शुक्रवारी बायकोची थोरली बहीण आठ दिवसांसाठी यायची होती. तिचा त्रास काहीच नव्हता. त्रास होता तो तिच्याबरोबर येणाऱ्या साडूंचा. साडू रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. बसलेल्या माणसाशेजारी उभं राहून बोलण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. मागच्या खेपेला त्यांनी मुद्रितशोधकाच्या खुर्चीमागे उभं राहून ‘अ’पासून ‘ऊ’पर्यंतचे सगळे शब्द मोठ्याने वाचले होते, वर प्रत्येकावर आपलं मतही दिलं होतं.

पाहुणे उतरायचे वरच्या खोलीत. तिथे आता डोक्यावर धपधप चालू होती आणि छताला पिवळा डाग पडला होता. येणं आपोआप रद्द होईल असा मुद्रितशोधकाचा अंदाज होता. बायकोने मात्र कुठूनसा पत्ता काढून प्राणी पकडणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाई कामाला चोख निघाल्या. त्यांनी शिडी लावून छपराच्या कडेचं भोक हेरलं, सापळा मांडायची जागा ठरवली आणि आत डोकावण्याआधी खाली विचारलं, "पिल्लांचा आवाज येतो का? बाळंतीण असेल तर मी हात लावत नाही. दीड महिना खोली बंद ठेवायची."

मुद्रितशोधकाच्या अंगात वीज खेळली. येतो की, तो म्हणाला, चांगला रोज येतो. किती असतील, असं बाईंनी विचारलं तेव्हा दुसरा कोणीही ‘दोनचार’ म्हणून मोकळा झाला असता. पण याचा जन्म दुसऱ्यांचा ढिलेपणा खोडण्यात गेलेला.

"तीन," तो म्हणाला.

बाईंनी वहीत तीन लिहिले. आई बिथरू नये म्हणून डोकावायचंही सोडून दिलं. पिल्लं बाहेर पडू लागली की मोजा, तीन झाली की मला कळवा, मग भोक बुजवते, असं सांगून त्या शिडी घेऊन गेल्या.

मुद्रितशोधक शीळ घालत खोलीत आला, तर बायको तिथे फूटपट्टी घेऊन उभी.

"ताई माझ्याजवळ झोपेल," ती म्हणाली. "भाऊजींची खाट इथे मावते."

"अगं, पण माझी प्रुफं?"

"भाऊजी काय प्रुफांवर झोपणार आहेत?"

शुक्रवारी साडू आले. पिल्लांची हकिगत ऐकून ते कपाळाला आठ्या घालतील ही शेवटची आशा होती. ते उलट दहा वर्षांनी लहान झाले. निवृत्तीनंतर मोजायला असं काही मिळालंच नव्हतं. रोज संध्याकाळी ते अंगणात खुर्ची टाकून, बॅटरी आणि डायरी घेऊन भोकाकडे तोंड करून बसायचे. रोज सकाळी खुर्चीमागे उभं राहून अहवाल द्यायचे, की आई सात दहाला निघाली, पिल्लं एकही नाही. अहवाल संपला की मग शब्दकोश. आठ दिवस संपले तेव्हा मुद्रितशोधकाने, परतीची तिकिटं काढून आणू का, असं फार आपुलकीने विचारलं.

"काय साडूभाऊ," ते म्हणाले, "तीन प्रवासी आत असताना मी गाडी सोडून उतरू?"

तिसरा आठवडा सरत आला. प्रुफं ‘क’वरच अडली होती आणि प्रेसमधून दोनदा विचारणा झाली होती. मुद्रितशोधकाने बाईंना फोन करून, एकदा डोकावून घ्या ना, असं सुचवलं. दीड महिन्याआधी शिडी लावणार नाही, त्या म्हणाल्या, आणि प्राण्यांची माया नाही का तुम्हाला, असंही म्हणाल्या.

शेवटी त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि बायकोला खरं काय ते सांगून टाकलं. पिल्लं नाहीत, कधीच नव्हती.

ती कपबशा पुसत होती. पुसतच राहिली.

"मला पहिल्या दिवशीच कळलं," ती म्हणाली. "तुम्हाला शेजारच्या खोलीतली कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. माळ्यावरची पिल्लं बरी ऐकू आली."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, लग्न झाल्यापासून ताई माझ्याकडे सलग आठवडाभर कधी राहिली आहे? चौथ्या दिवशी भाऊजींना कंटाळा येतो आणि ते तिला उठवून नेतात. या खेपेला पहिल्यांदाच ते जायचं नाव काढत नाहीत." तिने शेवटचा कप पालथा घातला. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "आणखी एखादं वाढवता येतं का, बघता?"

ती चेष्टा करत असेल म्हणून तो हसायला गेला, आणि तिचा चेहरा पाहून थांबला. बाहेर ताई तिला हाक मारत होती. ती पदराला हात पुसत लगबगीने गेली.

मुद्रितशोधक फोनपाशी गेला. आधी त्याने प्रेसकडे दीड महिन्याची मुदत मागितली आणि चार शब्द ऐकून घेतले. मग बाईंना फोन लावला, आणि तीस वर्षांच्या नोकरीत जे त्याने एकदाही म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"माझी चूक झाली. तीन नाहीत, चार आहेत."