अण्णांचा उरलेला स्क्रू

आमच्या बिल्डिंगमधले अण्णा कुठलीही वस्तू दुरुस्त करून देतात, पण एक स्क्रू उरतोच. मिक्सर घ्या, इस्त्री घ्या, भिंतीवरचं घड्याळ घ्या. वस्तू झकास चालायला लागते आणि एक भोक रिकामं राहतं. मग चार-पाच दिवसांनी अण्णा पेपरच्या कपट्यात गुंडाळून तो स्क्रू घेऊन येतात. "वैनी, मिळाला बघा. माझ्याच खिशात होता." बसतात, चहा घेतात, स्क्रू पिळतात आणि जातात.

सगळे हसतात त्यांना. तळमजल्यावरची पाटलीण तर तोंडावर विचारते, "काय अण्णा, कंपनीत पण असेच स्क्रू उरवले, म्हणून कंपनी बंद पडली काय?"

अण्णा रागवत नाहीत. बोलतात, "कंपनी मालकाने बंद केली. माझं मशीन शेवटच्या दिवशी पण चालू होतं."

कोलशेतला कारखान्यात होते ते. आता सत्तरी उलटली. मुलगी लग्न होऊन लांब गेली, बायको मालूताई वारल्या. त्यांचे स्क्रू कशात असतात माहितेय? मालूताईंच्या मिसळणाच्या डब्यात. मोहरीच्या वाटीत बारीक, जिऱ्याच्या वाटीत लांबडे. हळदीच्या वाटीतले अजून पिवळे आहेत. मधल्या वाटीवर तेवढं झाकण असतं, ती वाटी अण्णा कधी कोणासमोर उघडत नाहीत. आणि कुठलं पण मशीन बंद पडलं की त्यांचं एकच बोलणं, "मेलेलं नाय, दमलंय."

माझं सांगायचं तर मी चौथी शिकले. आमचे मालक गेले तेव्हा माझा महेश सहा वर्षांचा. लोकांच्या चपात्या लाटून त्याला कॉलेज केलं. चार वर्षांमागे तो पण गेला. काय करणार. आता घरात मी आणि सून, सारिका. महेशचा लॅपटॉप होता, त्याच्यावर ती घरून एका ट्रान्सपोर्टवाल्याचं काम करते. त्याच्यावर आमची चूल.

पण तो लॅपटॉप इतका सुस्तावला की विचारू नका. सारिका बटण दाबायची आणि मी तांदूळ निवडायला बसायचे. निवडले, धुतले, कुकर लावला, तीन शिट्ट्या झाल्या, की मग कुठे पडद्यावर महेशचा फोटो यायचा. फोटोनंतर फाइल उघडायला आणखी एक डाळीचा कुकर.

त्यात ऑफिसात नवा साहेब आला. सारिकाला बोलला, "सोमवारपासून दहाच्या ठोक्याला ऑनलाइन दिसायला पाहिजे. नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो."

शुक्रवारी आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन कोपरीला एका दुकानात गेलो. पोराने झाकण उघडलं पण नाही. "आजी, भंगारात टाका, नवीन घ्या." नवीन कुठून घेणार? आणि महेशचे सगळे फोटो त्याच्यातच. येताना सारिका लॅपटॉप छातीशी धरून चालत होती.

जिन्यात अण्णा भेटले. ऐकून एकदम तापले. "कोण बोलला भंगार? अगं सारिका, ह्याच्या पोटात तबकडी आहे. ती गरगर फिरते आणि सुई तिच्यावर शोधत बसते, वैनी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात तशी. तिच्या जागी आता एसएसडी येते. फिरायचं काम नाय, सगळं हाताशी. मेलेला नाय गं तो, दमलाय."

दुसऱ्या दिवशी सारिकाने एसएसडी आणली. काडेपेटीपेक्षा जरा मोठी. मी हातात घेऊन बघितली, वजनच नाही. ह्याच्यात माझा महेश मावणार?

रविवारी दुपारी अण्णा डबा घेऊन आले. जमिनीवर पांढरी चादर अंथरली. आधी जुन्यातलं सगळं नवीनमध्ये उतरवायचं होतं. वायर जोडली. पडद्यावर आकडा चढायला लागला. दहा, तीस, पन्नास. बासष्टवर आला आणि बसला. अर्धा तास झाला, तास झाला, बासष्टच.

सारिका बोलली, "अण्णा, फोटो गेले तर?"

अण्णांनी लॅपटॉपच्या पाठीवर हात ठेवला, ताप बघतात तसा. "तापलाय. वैनी, सूप द्या." आणि माझ्या तांदूळ पाखडायच्या सुपाने त्याला वारा घालत बसले. सत्तरीचा माणूस, घामाने निथळतोय, आणि वारा लॅपटॉपला. चहा ठेवला तो गार झाला, हात लावला नाही. हात दुखला की सूप दुसऱ्या हातात.

मग त्रेसष्ट झाले! नंतर जे धावले ते शंभरवरच थांबले.

आता पोट उघडायचं. स्क्रू काढले, जुनं एटीएम कार्ड फटीत सरकवून झाकण सोडवलं. अण्णांनी आत वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळले. "वैनी, ह्याला जेवायला घालता काय?"

आत तांदूळ! झेंडूची पाकळी, आतल्या छोट्या पंख्याला कुंकू. दर दसऱ्याला मी त्याची पूजा करते. आम्हाला पोसतो, मग अक्षता नको टाकायला?

"बरं झालं, नारळ नाय फोडलात," अण्णा बोलले आणि दाढीच्या ब्रशने दाणे झाडायला लागले. सारिका हसली. खूप दिवसांनी हसली.

नवीन बसवली, झाकण लावलं. अण्णा ऐटीत बोलले, "वैनी, कुकर लावा."

मी गॅस पेटवला. कुकर उचलून वर ठेवते तोवर मागून सारिका ओरडली, "आई!" वळून बघते तर महेश पडद्यावर हसतोय. शिट्टी लांबच राहिली, कुकरचं बूड अजून थंड होतं. सारिकाने एकेक फोटो उघडून बघितला. सगळे होते.

सोमवारी ती दहाला दहा कमी असताना ऑनलाइन. साहेबाने विचारलं, "मॅडम, नवीन घेतला वाटतं?"

"नाही सर, जुनाच. दमला होता." तिचं काम टिकलं. पाटलीण स्वतःच्या पोरीचा लॅपटॉप घेऊन अण्णांचा जिना चढली.

एक स्क्रू उरला होताच म्हणा. रविवारी सारिका बोललेली, "अण्णा, इथलं भोक रिकामं आहे." अण्णा बोलले, "पडला असेल कुठे तरी. शोधून आणतो."

मंगळवारी मी शिऱ्याची वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडं, अण्णा आंघोळीला. टेबलावर डबा उघडा, आणि मधल्या वाटीचं झाकण बाजूला. आत पेपरच्या छोट्या छोट्या पुड्या. प्रत्येकीवर पेनाने नाव. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचलं. पाटील, मिक्सर. जोशी, इस्त्री. सारिका, लॅपटॉप.

मी झाकण होतं तसं ठेवलं, शिरा ठेवला आणि आले.

शुक्रवारी अण्णा आले. "वैनी, मिळाला बघा. पलंगाखाली गेला होता."

"बसा," मी बोलले. "चहा टाकते." सारिकाने लॅपटॉप उलटा करून दिला. त्यांनी स्क्रू पिळला, हळूहळू. चहा संपला. उठायला लागले.

मी बोलले, "अण्णा, जरा हा छताचा पंखा बघा की. आवाज करतो."

पंखा काही आवाज करत नव्हता. अण्णा मान वर करून बराच वेळ ऐकत राहिले. मग बोलले, "हो वैनी. करतोय. उद्या डबा घेऊन येतो."