आवाज खाणारा डबा

"सुचित्रा, तुझी आई समोर चटईवर बसून गाऊन राह्यली असं वाटेल तुले. नाही वाटलं तर हा डबा मी स्वतःच्या हातानं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवून देतो!"

नंदकिशोरनं छातीवर हात ठेवून हे सांगितलं. सुचित्राला नवऱ्याच्या प्रतिज्ञांवर हसायची सवय होती, पण यावेळी ती हसली नाही, कारण हे खरं व्हावं असं तिला मनापासून वाटत होतं.

तिची आई, प्रभावतीबाई, शेवटची काही वर्षं दिग्रसला लेकीकडेच होती. तिला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. मागं राहिलेला तिचा आवाज एकच, नंदकिशोरच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं एक भुलाबाईचं गाणं. सुचित्रानं ते एकदा लावलं आणि अर्ध्यात बंद केलं. प्रभावतीबाईंचा आवाज भारदस्त, छातीतून येणारा. मोबाइलमधून तो चिरका होऊन येई. "ही माझी आई नाही. ही कोणी तरी कोंडून ठेवलेली बाई आहे," सुचित्रा म्हणाली आणि पुन्हा त्या गाण्याच्या वाटेला गेली नाही. म्हणून नंदकिशोरनं ठरवलं होतं की वर्षश्राद्धाला ते गाणं घरी बनवलेल्या थ्री-वे स्पीकरवर लावायचं.

थ्री-वे म्हणजे एका डब्यात तीन तोंडं. जाड आवाजाला मोठा वूफर, माणसाच्या गळ्याला मधला, आणि बारीक किणकिणीला बोटभर ट्विटर. वूफर एका बँडवाल्याच्या फुटक्या डब्यातून आला, मधला मेलेल्या टीव्हीतून निघाला, नवाकोरा फक्त ट्विटर. प्लायवूड बैठकीतल्या शोकेसचं. शोकेस कुठं गेली हे सुचित्राला कळलं तेव्हा तिच्या हातात कपबशा होत्या आणि ठेवायला जागा नव्हती.

पैसे दोन डब्यांना पुरणार नव्हते, म्हणून डबा एकच. अॅम्प्लिफायरला मात्र तारांच्या दोन जोड्या होत्या, डावीकडची आणि उजवीकडची, प्रत्येकीत एक लाल, एक काळी. नंदकिशोरनं डोकं चालवलं. ताकद लाल तारेत असते, मग काळी हवीच कायले? त्यानं डावीकडची लाल आणि उजवीकडची लाल अशा दोन्ही लाल तारा एकाच डब्याला जोडल्या. दोन्ही बाजूंची ताकद एकाच डब्यात! स्वतःच्या अकलेवर तो इतका खूश झाला की त्यानं एक चहा जास्तीचा प्याला.

राहता राहिला कापूस. डबा आतून रिकामा असला की आवाज घुमतो, म्हणून आत कापूस भरतात. नंदकिशोर जिनिंगमध्ये हिशेबनीस. तिथं कापसाचे डोंगर असत, पण मालकाचं बोंडभरही घरी आणायचं नाही असा त्याचा बाणा होता. कापूस मात्र त्याच्याकडे होता. माळ्यावर. प्रभावतीबाईंच्या गादीत.

गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, ते देऊन टाकतात. सुचित्रानं ती गादी द्यायला सांगितली होती आणि नंदकिशोर "दिली" म्हणाला होता. द्यायचं त्याच्या मनातही होतं. पण शिवण उसवून त्यानं आतला धागा बोटांवर ओढून पाहिला, आणि जिनिंगच्या माणसाला असला लांब धाग्याचा कापूस देववेना. वर्षभर ती गादी माळ्यावर गुपचूप पडून होती. आता तिचा कापूस डब्यात गेला, आणि डब्याचं झाकण स्क्रूनं बंद झालं.

आता एक सांगायला हवं. सासू-जावयात आयुष्यभर भांडण असं एकच झालं, आवाजाचं. त्याचा जुना स्पीकर मागच्या खोलीत वाजू लागला की पुढच्या खोलीत खाटेवर गुडघ्यांना निलगिरीचं तेल चोळत बसलेल्या प्रभावतीबाई तिथूनच म्हणत, "जावईबापू, आवाज कमी करा ना जी." नंदकिशोर तिथूनच म्हणे, "करतो आई, करतो." आणि करत नसे.

श्राद्धाच्या आदल्या दुपारी सुचित्रा बाजारात गेली होती. रस्ता उन्हानं ओस पडला होता. नंदकिशोरनं डबा पहिल्यांदा सुरू केला आणि एक जुनं भावगीत लावलं.

व्हायोलिन आलं. काय आलं म्हणता! बासरी आली, तबला आला. नंदकिशोरच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. मग गाणाऱ्या बाईची जागा आली आणि बाई आलीच नाही.

तबला चालूच राहिला, कोणाला तरी साथ करत असल्यासारखा. व्हायोलिन थांबून वाट देत होतं, आणि त्या वाटेवर कोणी नव्हतं. फक्त खूप मागं, विहिरीच्या तळातून यावा तसा, बाईचा घुमारा तेवढा ऐकू येत होता. आवाज नव्हता, त्याचा घुमारा होता.

त्यानं दुसरं गाणं लावलं. गायक गायब. तिसरं लावलं, तिथंही तेच. बातम्या लावल्या. मोबाइलच्या पडद्यावर निवेदिका तोंड हलवत होती, तिच्या आगेमागे संगीत वाजत होतं, आणि तिचा स्वतःचा शब्द एक नाही. त्यानं मधल्या स्पीकरला कान लावला. त्यातून बासरी स्वच्छ येत होती. म्हणजे डबा धड होता, तीनही तोंडं धड होती. डबा फक्त माणसं खात होता.

त्यानं मागचं झाकण उघडलं आणि कापसात हात घातला. कापूस गरम होता. माणूस नुकताच उठून गेलेल्या अंथरुणासारखा गरम.

आत तारांच्या जोडणीत एक रेझिस्टर असतो आणि तो तापतो, हे नंदकिशोरला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि हात आत ठेवणं वेगळं. त्यानं हात काढला, झाकण लावलं, आणि रिकाम्या घरात डब्यासमोर हात जोडून म्हणाला, "आई, उद्याचा एक दिवस."

दुसऱ्या दिवशी वणीहून सुचित्राचा भाऊ अतुल आला, आणि कळंबहून प्रभावतीबाईंची धाकटी बहीण, इंदूमावशी. विधी झाला, पंगत झाली. मग सुचित्रानं डब्यासमोर चटई अंथरली आणि पदर सावरून बसली. शाळेत पहिल्या बाकावर बसतात तशी ताठ. ते पाहून नंदकिशोरला स्वतःची प्रतिज्ञा आठवली. डबा भंगारात गेला असता तरी चाललं असतं. पण हिला आज रिकाम्या हातानं उठवायचं कसं?

त्यानं गाणं लावलं.

काही नाही. साधी खरखरही नाही.

"भाऊजी, लावलं का?" अतुलनं विचारलं.

"लावलं ना. सुरू आहे." नंदकिशोरनं बटण फिरवलं. आणखी फिरवलं. शेवटी ते फिरायचं थांबलं. तेव्हा कुठं डब्यातून काही तरी आलं. गाणं नव्हे. उशीत तोंड खुपसून कोणी पुटपुटावं तसं.

"कोणी तरी बोलून राह्यलं," इंदूमावशी हळूच म्हणाली.

पंखा बंद होता आणि कोणी हलत नव्हतं. मग सुचित्रानं मान वर केली आणि श्वास ओढला. "निलगिरी," ती म्हणाली.

सगळ्यांनी श्वास ओढला. निलगिरीच्या तेलाचा वास होता, मंद आणि कोमट, संध्याकाळी प्रभावतीबाईंच्या खाटेपाशी येई तसाच. वर्षभर त्या घरात ती बाटली उघडली गेली नव्हती.

"प्रभा आली," इंदूमावशीनं पदर डोक्यावर घेतला.

"मी निघतो ताई. वणीची बस चुकन," अतुल म्हणाला. बसला अजून पुष्कळ वेळ होता. उठायला गेला, पण दार डब्याच्या पलीकडं होतं, म्हणून पुन्हा बसला.

सुचित्रा मात्र उठली. वासाचा माग काढत ती डब्यापाशी गेली, वाकली आणि वूफरखाली हवेसाठी ठेवलेल्या भोकाला नाक लावलं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, यात काय भरलं तुम्ही?"

"कापूस."

"कोणता कापूस?"

नंदकिशोरनं अतुलकडे पाहिलं. अतुलनं छताकडे पाहिलं.

"गादीतला," नंदकिशोर म्हणाला.

"तुम्ही मले सांगतलं होतं, गादी देऊन टाकली."

"देणारच होतो ना. पण धागा असा होता..."

"म्हणजे वर्षभर माझी आई माळ्यावर होती? अन् आता डब्यात?" सुचित्राचा आवाज फुटला. "म्हणून बोलत नाही ती! तिले मोकळी करा आधी."

तिनं स्वतःच पेचकस घेतला. झाकण निघालं. ती दोन्ही हातांनी कापूस ओढू लागली, आणि कापसाबरोबर डबा पुढं सरकला, तशी अॅम्प्लिफायरमधली एक तार निसटली. नंदकिशोर धावला. घाईत उजवीकडची लाल जागा काही सापडेना, म्हणून जवळची पहिली दिसली त्या जागेत त्यानं तार खुपसली. ती डावीकडचीच काळी होती.

आणि प्रभावतीबाई खोलीत आल्या.

चटईवर बसल्यासारख्या, छातीतून, पूर्ण आवाजात. बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या ताटल्या थरथरल्या. इंदूमावशीनं अतुलचा दंड धरला आणि अतुलनं इंदूमावशीचा.

नंदकिशोरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन बैल सारख्याच जोरानं दोन दिशांना ओढू लागले की बंडी जागची हलत नाही. माणसाचा आवाज डाव्या तारेतही तेवढाच असतो आणि उजव्या तारेतही तेवढाच. त्यानं दोन्ही लाल तारा एका डब्याला जुंपल्या होत्या, म्हणून तो आवाज जागच्या जागी मरत होता. वाद्यं एकीकडे कमी, एकीकडे जास्त, म्हणून ती वाचली; मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं गाणं तर दोन्हीकडे सगळंच सारखं. भूत नव्हतं, गादी नव्हती, होती ती त्याची जास्तीची अक्कल.

हे तो सांगणार होता. पण सुचित्रा आईचा कापूस मांडीवर घेऊन, डोळे मिटून, गाण्याबरोबर ओठ हलवत होती. ते पाहून त्यानं सांगायचं राहू दिलं.

गाणं संपलं. आजवर कोणीही त्याच्या पुढचं ऐकलं नव्हतं. आज बंद करायला कोणाचा हात गेला नाही, आणि रेकॉर्डिंग पुढं चालू राहिलं. पावलं वाजली, कोणी तरी मोबाइल तसाच चालू सोडून मागच्या खोलीत गेलं. तिथल्या स्पीकरवर ढोल सुरू झाला. मग खाट करकरली, आणि प्रभावतीबाई अगदी जवळून म्हणाल्या, "जावईबापू, आवाज कमी करा ना जी. डोकं दुखून राह्यलं."

"करतो आई, करतो," डब्यातला नंदकिशोर म्हणाला.

आणि ढोल तसाच वाजत राहिला. वाजतच राहिला.

तिघांनी वळून नंदकिशोरकडे पाहिलं. त्यानं खाली मान घालून हात लांब केला आणि बटण मागं फिरवलं, ताटल्या गप्प होईपर्यंत.

"एवढा पुरे का, आई?" त्यानं विचारलं.

कोणी हसलं नाही. खरं सांगायचं तर, उत्तराची वाट सगळ्यांनीच थोडी थोडी पाहिली.