उजव्या दाढेचे रिक्त पद

कक्षाधिकाऱ्यांच्या पेन्सिलीच्या मागच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या. जवळून पाहिले, तर त्या सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या दिसत. म्हणजे पेन्सिल दरवेळी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातूनच आत जात होती आणि उजवी बाजू या कामात सहभागी होत नव्हती. निरीक्षण एवढेच. त्यामागचे कारण कार्यालयात सगळ्यांना ठाऊक होते. साहेबांची उजवीकडची वरची दाढ काढून बराच काळ लोटला होता आणि तिच्या जागी नवी बसवायची की नाही, हा प्रश्न विचाराधीन होता.

विचाराधीन हा साहेबांचा आवडता शब्द. ते ‘रिक्त पदे पुनर्विलोकन कक्षा’चे प्रमुख होते. कुठल्याही कार्यालयातला माणूस निवृत्त झाला, की त्याची जागा भरायची की रद्द करायची हे हा कक्ष ठरवी. ठरवी म्हणजे थांबे. पुरेसे थांबले, की शेजारच्या टेबलावरचा माणूस कुरकुरत का होईना ते काम करू लागतो, रांगेतले लोक बंद खिडकी सोडून पलीकडच्या खिडकीकडे वळतात आणि कुणाचे काही अडलेले नाही हे आपोआप सिद्ध होते. मग साहेब शेरा लिहीत: ‘तक्रार नाही. कामकाज सुरळीत. सबब पदाची आवश्यकता दिसत नाही.’ त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना बघूसाहेब म्हणत, कारण तोंडी विचारले, तर ते एवढेच उत्तर देत.

घरीही तेच. विनवण्या करून बायकोच्या दातांच्या कण्या व्हायची वेळ आली होती.

“अहो, एकदा दाखवून तरी या.”

“बघू.”

“बघू काय बघू? तुम्ही जेवायला बसलात की भिंतीकडे तोंड करून सरबताची नळी चावताय असं वाटतं.”

“डावी बाजू उत्तम काम करते आहे.”

“डाव्या बाजूला कुणी विचारलंय?”

डाव्या बाजूला कुणी विचारलेले नव्हते हे खरे. तिच्याकडे अतिरिक्त कार्यभार सोपवताना तसे विचारण्याची पद्धतही नाही.

शेवटी बायकोनेच वेळ घेतली आणि साहेबांना हाताला धरून रुग्णालयाच्या दंतविभागात नेले. तिथल्या सर्जनबाईंनी पडद्यावर जबड्याचा एक्स-रे लावला आणि पेनाच्या टोकाने एक जागा दाखवली. आजूबाजूला पांढरे भरीव हाड दिसत होते. त्या जागी मात्र कुणी चमच्याने कोरून काढल्यासारखी खळगी होती.

“दाढ होती तोवर चावण्याचा दाब या हाडावर पडायचा,” सर्जनबाई म्हणाल्या. “दाढ गेली, दाब गेला. शरीर म्हणालं, मग या हाडाचं इथे काम काय? ते हळूहळू विरघळायला लागलं. ही शेजारची दाढ मोकळ्या जागेकडे कलली. वर सायनसची पोकळी असते, ती खाली पसरली.”

साहेब खुर्चीत सरळ होऊन बसले. “म्हणजे पद रिक्त राहिलं म्हणून आधी आस्थापना कमी केली. शेजाऱ्याने टेबल सरकवलं. आणि वरच्या मजल्याने खोलीचा ताबा घेतला.”

“तसं म्हणा हवं तर.”

“सगळं नियमानुसारच झालंय की.” इतका शिस्तीत चाललेला कारभार आपल्याच तोंडात आहे, याचे त्यांना मनापासून समाधान वाटले.

“नियमानुसार झालं असेल, पण मी इम्प्लांटचा स्क्रू बसवू कशात? खुंटी ठोकायला भिंत तर हवी ना? आधी तिथे हाड भरावं लागेल. ते रुजलं, की त्यात दात. आणि हे बघा.” पेन डावीकडे सरकले. “इथे बारीक चीर दिसते. ही दाढ दोघींचं काम करते आहे. फार दिवस करणार नाही. आणि उजवीकडचं हाड आणखी गेलं, तर हे काम मला इथे करता येणार नाही. मग दोन्ही बाजू जातील आणि तुम्ही कायमचे पातळ जेवणावर.”

बायकोने साहेबांकडे पाहिले. साहेबांना चार वाजताचे भाजलेले शेंगदाणे आठवले. नोकरीतला तेवढाच एक निर्णय ते रोज न चुकता घेत.

“हाड आणायचं कुठून?” त्यांनी विचारले.

“चार पर्याय आहेत. तुमच्याच हनुवटीतून थोडं काढता येतं. किंवा एखाद्या माणसाने मरणोत्तर दान केलेलं असतं, ते शुद्ध करून दाण्यांच्या रूपात मिळतं. गुराच्या हाडापासून केलेलंही येतं. आणि चौथं, कारखान्यात तयार केलेलं. मला विचाराल तर दान केलेलं बरं. पण तोंड तुमचं आहे, होकार तुमचा लागेल. कुणाचं भरू तेवढं सांगा.”

“बघू,” साहेब म्हणाले. बायकोने पर्समधून रुमाल काढून कपाळ पुसले.

घरी येताना तिने आपले मत दिले. “हनुवटीला हात लावू देऊ नका. तुमच्या चेहऱ्यावर ठाम म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट आहे.”

आता, एका रिक्त जागेसाठी चार उमेदवार असतील, तर एकट्याने निवड करणे साहेबांच्या तत्त्वात बसत नव्हते. उद्या कुणी पक्षपाताचा आरोप केला तर? म्हणून त्यांनी आपल्या दाढेचे प्रकरण कार्यालयात नेले आणि एक समिती नेमली. विधी अधिकारी आणि भांडारपाल असे दोन सदस्य होते. समिती फक्त सल्ला देणार होती. समित्यांची सुरुवात नेहमी अशीच होते.

पहिल्या बैठकीत मृताने दान केलेल्या हाडाचा विचार झाला.

“अडचण आहे,” विधी अधिकारी म्हणाले. “हाड जबड्यात रुजणार, म्हणजे ते रोज साहेबांबरोबर कार्यालयात येणार. पण ती व्यक्ती आपल्या सेवेत नाही. त्यांना अभ्यागत म्हणून प्रवेश द्यायचा, तर अभ्यागतांनी पाचच्या आत इमारत सोडली पाहिजे.”

“आणि साहेब तर सहापर्यंत बसतात,” भांडारपाल म्हणाले.

“तेच म्हणतोय.”

“बरं, साहेब जे बोलतील ते कुणाच्या जबड्यातून बोलले असं धरायचं?”

विधी अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. “हा प्रश्न तुम्ही काढायला नको होता. आता तो इतिवृत्तात येईल.”

गुराच्या हाडाचा विषय लवकर संपला, कारण इमारतीत जनावरे आणण्यास मनाई असल्याची पाटी दारावरच होती. जनावराचा केवढा भाग आणला म्हणजे जनावर आणले असे होते, यावर पाटी गप्प होती.

कारखान्यातले हाड भांडारपालांना पसंत पडले. “सरळ जडवस्तू म्हणून नोंद करू. टेबल, खुर्ची, कपाट, हाड. फक्त प्रत्येक जडवस्तूवर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकावा लागतो.”

“ते हिरडीच्या आत असणार,” साहेब म्हणाले.

“मग दरवर्षीच्या तपासणीला आ करावा लागेल, साहेब. मी टॉर्च घेऊन येईन. कपाटाच्या मागेही तसंच बघतो मी.”

“आणि मी निवृत्त झालो की?”

“वस्तू जमा करावी लागेल,” भांडारपाल हळुवारपणे म्हणाले. त्यांनी याआधी एका निवृत्त माणसाकडून पायपुसणे परत घेतले होते आणि त्या वेळीही त्यांना वाईट वाटले होते.

उरली हनुवटी. ही साधी अंतर्गत बदली, असे सगळ्यांना वाटले. पण विधी अधिकाऱ्यांनी नियम पाहिला, तेव्हा हनुवटीची ना-हरकत घ्यावी लागते असे दिसले. शिवाय बदली झालेल्या हाडाचा मूळ जागेवरचा हक्क किती काळ राहणार? ते हाड उद्या परत जायचे म्हणाले तर? साहेबांनी आरशात पाहून हनुवटीचे मत घेण्याचा प्रयत्न केला. हनुवटीने काहीच सांगितले नाही. विरोध नाही असे त्यांनी लिहून घेतले, पण समितीने ‘लेखी आणावे’ असा शेरा मारून ते परत पाठवले.

बैठका होत राहिल्या. एकदा विधी अधिकारी रजेवर होते. एकदा भांडारपाल आले, पण खोलीची किल्ली आली नाही. दरम्यान जबड्यातले हाड आपल्या गतीने कमी होत होते. त्याला रजा लागू नव्हती.

पुढच्या एक्स-रेला सर्जनबाईंनी पडद्यावरची खळगी पट्टीने मोजली. मग म्हणाल्या, “आता हनुवटीचं पुरणार नाही. खड्डा मोठा झालाय.”

साहेबांनी ही बातमी समितीला सांगितली आणि समितीत उत्साह पसरला. चारातला एक पर्याय आपोआप बाद झाला होता. कुणालाही निर्णय घ्यावा न लागता. विधी अधिकाऱ्यांनी याला समाधानकारक प्रगती म्हटले. असेच थांबलो तर उरलेलेही पर्याय गळतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

आणि ती खरी ठरली. समितीचा अहवाल साहेबांच्या टेबलावर आला, त्यात हाडाचा उल्लेखच नव्हता. समितीने प्रश्नाच्या मुळाशी हात घातला होता. अहवालात लिहिले होते: ‘सदर दाढेचे पद दीर्घकाळ रिक्त आहे. या काळात उजव्या जबड्याकडून एकही तक्रार प्राप्त नाही. चावण्याचे कामकाज डाव्या बाजूने सुरळीत सुरू आहे. सबब पदाची आवश्यकता दिसत नाही. पद कायमचे रद्द करावे.’ खाली सहीसाठी जागा सोडली होती.

साहेबांनी तो मजकूर पुन्हा वाचला. मसुदा निर्दोष होता. असायलाच हवा, कारण तो त्यांचाच होता. ज्या ज्या कार्यालयातली जी जी खिडकी त्यांनी बंद केली होती, तिच्यासाठी त्यांनी हेच शब्द वापरले होते, पूर्णविरामासकट. त्यांनी पेनाचे टोपण काढले. मग, सही करण्याआधी माणूस जसा थोडा वेळ काढतो तसा वेळ काढण्यासाठी, समोरच्या चहात एक बिस्किट बुडवून तोंडात टाकले.

बिस्किट पूर्ण भिजलेले होते. तरीही कड असा आवाज आला. विधी अधिकाऱ्यांनी पलीकडच्या टेबलावरून मान वर केली.

“साहेब, काय मोडलं?”

साहेबांनी गालावर हात ठेवला. “कामकाज,” ते म्हणाले.

त्या दुपारी ते कुणालाही न विचारता रुग्णालयात गेले. निरोप मिळताच बायको कामावरून परस्पर तिथे पोहोचली. त्यांचा सुजलेला डावा गाल पाहून तिने रुमाल ओला करून त्यावर धरला, आणि साहेबांना तेच जास्त लागले.

सर्जनबाईंनी गाल बाजूला ओढून पाहिले. “डावी अजून वाचवता येईल. तिच्यावर टोपी बसवते. पण तिला आता आराम पाहिजे, म्हणजे उजवीकडे कुणीतरी पाहिजे. आज भरलं तर जमेल. पुढच्या खेपेला मी तुम्हाला नाही म्हणेन, आधीच सांगते.”

“इतकं हाड गेलं, मग दुखलं कसं नाही?” साहेबांनी विचारले. त्यांच्या आवाजात खरी तक्रार होती.

“हाड गुपचूप जातं. दुखत असतं तर सगळे वेळेवर आले असते.”

“म्हणजे तक्रार नाही याचा अर्थ...”

“तक्रार नाही, एवढाच. बाकी काही अर्थ नाही त्याला.”

साहेब छताकडे पाहत राहिले. दिव्याभोवती एक माशी फिरत होती आणि तिचेही काही ठरत नव्हते.

“ते दान केलेलं,” ते म्हणाले, “ते कुणाचं असतं?”

“नाव आम्हालाही कळत नाही.”

“त्याने हे ठरवलं कधी?”

“जिवंतपणीच कधीतरी. कुणीतरी विचारलं असेल, तो माणूस हो म्हणाला असेल.”

“कुणाच्या सल्ल्याने?”

“घरच्यांशी बोलला असेल कदाचित. पण होकार स्वतःचाच लागतो.”

“इतकं मोठं आणि असं उभ्याउभ्या?”

“उभ्याउभ्याच. आमच्याकडेही खाली काउंटरवर विचारतात.” सर्जनबाई हातमोजे चढवू लागल्या. “नाही कुणीच म्हणत नाही, बरं का. चांगली माणसं असतात सगळी. बघू म्हणतात.”

सगळी म्हणजे एकटे साहेब नव्हेत, हे इथे नमूद करणे आवश्यक आहे. तुम्हाला-आम्हालाही कुठल्याशा काउंटरवर कुणीतरी हे विचारलेले असते. तेव्हा आपण नम्रपणे हसतो, आज जरा घाईत आहोत असे सांगतो आणि आपली सगळी हाडे जपून घरी घेऊन येतो. ती पुढे नेमकी कुणासाठी जपायची, हा मुद्दा विचाराधीन राहतो. त्याबाबत अद्याप एकही तक्रार प्राप्त नाही.

सर्जनबाईंनी उजव्या हिरडीत इंजेक्शन दिले, गालात कापसाचा बोळा ठेवला आणि आरसा उचलला. “बोला. कुणाचं भरू?”

“अहो, सांगा आता,” बायको म्हणाली. “त्या किती वेळ हात वर धरून उभ्या राहतील?”

साहेबांचा डावा गाल सुजलेला होता आणि उजव्या बाजूला इंजेक्शनची बधिरता चढत होती. लवकर बोलले नाही, तर बोलताच येणार नव्हते. त्यांनी तोंडातला कापसाचा बोळा काढून हातात घेतला.

“त्या हो म्हणणाऱ्याचं भरा,” ते म्हणाले.