यंत्रावरचं फडकं

जाफराबादच्या हवेत धूळ जवळजवळ नाही, असं जयवंताबाईंच्या गच्चीवरचं यंत्र सांगत होतं. त्याच गच्चीच्या वरून जाणारं संशोधनाचं विमान मात्र हवेत धूळ आणि काजळी भरपूर असल्याचं नोंदवत होतं. दोन्ही आकडे जुळवण्यासाठी पुण्याहून रेणुकाची नेमणूक झाली होती. ते जुळले नसते, तर उड्डाणं बंद होणार होती आणि त्यांच्याबरोबर रेणुकाची नोकरीही.

एकदा ती न कळवताच गच्चीवर पोहोचली. यंत्राच्या नळीवर चौपदरी फडकं घट्ट बांधलेलं होतं.

"मावशी, हे काय?"

"धूळ बसून राह्यली ना त्याच्यावर. लोकाची महागाची वस्तू. तुम्ही येनार असल्या की सोडून ठेवते. आज फोन न्हाई केला तुम्ही."

"अहो, ते धूळ मोजायचंच यंत्र आहे."

"मंग मोजू द्या की. अंगावर बसू कामून द्यायची?"

फडकं निघालं आणि आकडे उसळले. रेणुकाने ते आनंदाने दाखवले. जयवंताबाईंचा चेहरा पडला.

"म्हंजी आमच्या गल्लीचं हे असं पुन्याला कळनार?"

पुढच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी रेणुकाने फोनवर बजावलं, "उद्या विमान आहे. फडकं बांधू नका." जयवंताबाईंनी ते बांधलं नाही. त्यांनी फक्त गल्लीला निरोप दिला. सकाळी दारोदार पाणी शिंपडलं गेलं, कुणी झाडू हातात घेतला नाही, एकही चूल पेटली नाही. त्यांचे यजमान इंद्रभान यांनी शिळी भाकरी खाल्ली आणि मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. धूळ पुन्हा जवळजवळ शून्य. नंतरच्या प्रत्येक उड्डाणाला हेच घडलं; एकदा रेणुकाने येऊन ते पाहिलंही.

पुण्यातल्या संशोधन संस्थेचे संचालक आदिनाथ यांनी गच्चीवरच्या यंत्राचे आकडे मांडून पाहिले. विमान नसताना धूळ, विमान येताच हवा निर्मळ.

"विमान धूळ वर खेचतं, म्हणून खाली हवा स्वच्छ होते," ते म्हणाले.

"सर, त्या दिवशी गल्लीत चुली पेटत नाहीत."

"चुली आकड्यांत कुठे दिसतात?"

उड्डाणं बंद होण्याऐवजी रोजची झाली. नोकरी वाचलेल्या रेणुकाने जाफराबादला फोन लावून ही बातमी सांगितली. जयवंताबाईंनी फोन नवऱ्याच्या हातात दिला. मग इंद्रभान यांचा आवाज आला.

"रोज? मंग म्याडम, म्या जेवायचं कवा?"