गुळगुळीत चेसिस

गंजाचं मला कोणी शिकवू नये. सुरतेची खारी हवा लोखंडाला कशी चाटते, हे मी वीस वर्षं पाहतोय. म्हणून माझ्या ट्रकची आरटीओतली पासिंग, म्हणजे तपासणी, दोन दिवसांवर आली तेव्हा मी गॅरेजवाल्याला लांबूनच हात जोडले आणि चेसिस घरी रंगवायची ठरवली. तारेच्या ब्रशने घासायचं, तांबडा प्रायमर, वर काळा रंग. झालं! पासिंग हुकली असती तर सोमवारचा कापडाचा माल दुसऱ्याच्या ट्रकमध्ये गेला असता.

मदतीला माझे मेहुणे, दगाभाऊ. इथेच गोडादरा भागात लोखंडी कपाटं रंगवतात. माझ्या मनात प्रत्येक माणसाच्या नावाचं एक पान असतं. दगाभाऊंच्या जमेला सफाईदार हात. खर्चाच्या बाजूला, थांबायचं कुठे ते कळत नाही.

संध्याकाळी पाहिलं तर चेसिस नव्या कपाटाच्या दारासारखी. माशी बसली असती तर घसरली असती.

"दाजी, गंजाने लई खड्डे पाडलेले. सगळे पुट्टीने भरले, मग रंग मारला."

"झकास."

"एके ठिकाणी तर ओळीने खड्डे. गंज पण कसा शिस्तीत लागतो, पाहा."

मी चहा खाली ठेवला. "ओळीने किती?"

"सतरा. मोजूनच भरले."

"दगाभाऊ, तो चेसिस नंबर होता."

त्यांनी वाकून चेसिसकडे पाहिलं. मग म्हणाले, "कपाटाला नसतो, दाजी."

पासिंगला साहेब त्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. छाप नाही तर पासिंग नाही. आता नंबर नेमका कुठे? मला ठाऊक नाही. दर वेळी गाडी घेऊन एजंट जायचा, यंदा तो गावी. दगाभाऊंना एवढंच आठवत होतं की बाजू उजवी.

सकाळी आम्ही मागच्या टोकापासून रंग खरवडायला लागलो. शेजारचे हिलालअप्पा दात घासत आले.

"काल लावत होते, आज काढता. उद्या काय, परत लावणार?"

"व्यायाम करतोय, अप्पा."

"मग माझं गेटही घासा की."

दुपारी माझी बायको रंजना जेवायला बोलवायला आली. आम्ही दोघं पुट्टीच्या भुकटीने पांढरे. "काय हरवलं?"

"चेसिसचा नंबर."

"तो पुढच्या चाकामागे आहे की. दसऱ्याला मी तिथेच कुंकू लावते. गाडीचं नाव तेच ना?"

"अगं, मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं कोणी?"

तिथली पुट्टी काढली. सतराच्या सतरा आकडे-अक्षरं वर आली. दगाभाऊंनी फडक्याने पुसून दिली, झोपलेल्या पोराचं तोंड पुसावं तशी.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी छाप घेतली, सही केली. गाडी पास! मग गाडीभोवती एक फेरी मारली. डावीकडे काळीभोर चमक, उजवीकडे मागच्या टोकापासून उघडं लोखंड, रंग तर आधीच संपला होता. उजवीकडे थांबून ते गुजरातीत म्हणाले, "आ बाजू सरस घसी छे. हवे काट लागे ते पहेलां कलर करावी नाखजो."

गंज चढायच्या आत रंग मारून घ्या, हे मला सांगत होते! मी मान खाली घातली. दगाभाऊंनी मात्र मला कोपराने ढोसलं. "पाहिलं, दाजी? साहेबांना आपली घिसाई आवडली."